वेबसाइट वाईट म्हणून कॉलेज वाईट?

प्रश्न : माझी मुलगी कल्याणच्या एका कॉलेजात टीवायबीकॉमला आहे. शिक्षक चांगले आहेत, लायब्ररी चांगली आहे, असं ती स्वतःच सांगते. पण ‘कॉलेज कसं आहे गं?’ असं कुणी विचारलं की तिचं पहिलं वाक्य असतं, ‘त्यांची साइट बघा एकदा, म्हणजे कळेल!’ आमच्या वेळी नोटिस बोर्डावर कागद लागायचा, तो वाचून आम्ही घरी जायचो. एका वेबसाइटमुळे मुलांचं अख्ख्या कॉलेजबद्दलचं मत खरोखर बदलतं का, की ही आजच्या मुलांची अधीरता आहे? आणि साइट वाईटच असेल तर तक्रार करायची कुठे?
— एक पालक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : मत बदलतं. पण दोन्ही बाजूंनी सारखं नाही. साइट चांगली आहे म्हणून कॉलेज आवडायला लागलं, असं सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटेल. साइटच्या त्रासामुळे मन विटलेले मात्र ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत भेटतील. तुमच्या मुलीच्या त्या एका वाक्याचं उत्तर या एकतर्फीपणात आहे.

जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गुणवत्तेची एक वर्गवारी मांडली आणि ती आजही वापरली जाते. त्यांचं म्हणणं असं, की सेवेतले सगळे गुण माणसाच्या मनावर एकाच रीतीने काम करत नाहीत. काही गुण जितके वाढतील तितकं समाधान वाढतं. काही गुण अनपेक्षित असतात, ते मिळाले की माणूस हरखतो, नसले तरी त्याचं काही बिघडत नाही. तिसरा प्रकार गृहीत धरलेल्या गुणांचा. ते असले तर कुणी दखलही घेत नाही, नसले तर मात्र संताप होतो. कानो यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्या प्रश्नाला फार लागू पडते : काळ जातो तसा एकच गुण एका प्रकारातून दुसऱ्यात सरकतो. पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजला स्वतःची वेबसाइट असणं हे हरखण्यासारखं होतं. आज ती गृहीत आहे.

गृहीत का झाली, हेही पाहायला हवं. तुमच्या वेळचा नोटिस बोर्ड हा कॉलेजच्या व्यवहाराचा एक छोटा भाग होता. परीक्षेचा अर्ज खिडकीवर भरला जायचा, हॉलतिकीट कार्यालयात हातात मिळायचं, फी रोख किंवा डीडीने जायची. आज प्रवेशाची नोंदणी, फी, परीक्षा अर्ज, हॉलतिकीट, अंतर्गत गुण, निकाल, फेरतपासणीचा अर्ज, शिष्यवृत्ती, हे सगळं पडद्यावर आलं आहे. खिडकी बंद झाली किंवा खिडकीवरचा माणूसच ‘ऑनलाइन बघा’ म्हणतो. अशा वेळी साइट चालत नाही म्हणजे कॉलेजचं कार्यालयच चालत नाही. मुलगी अधीर नाही. जी एकच वाट तिला ठेवली आहे ती अडली की ती चिडते, आणि तिचं चिडणं रास्त आहे.

शिवाय बोर्डाकडे काही गोष्टी होत्या, त्यांची आठवण आपण पुसट होऊ दिली. बोर्ड एकच होता. कागदावर तारीख असे, प्राचार्यांची सही आणि शिक्का असे. काही कळलं नाही तर शेजारी उभ्या शिपायाला विचारता येई. अनेक कॉलेजांच्या साइटवर आज हेच नेमकं सापडत नाही. वेळापत्रक, सुधारित वेळापत्रक आणि पुन्हा सुधारित वेळापत्रक अशा तिन्ही फाइली एकाखाली एक असतात, आणि कुठली खरी हे सांगणारी तारीख फाइल उघडल्याशिवाय दिसत नाही. परिपत्रक छापून, त्यावर सही करून, मग मोबाइलने फोटो काढून चढवलेलं असतं. त्यातला शब्द शोधता येत नाही, आकडा कॉपी करता येत नाही, पाच इंचांच्या पडद्यावर ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे ढकलावं लागतं. मग मुलं वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारतात, आणि तिथे जो सगळ्यात आधी उत्तर देतो त्याचं खरं धरलं जातं. परीक्षेच्या आदल्या रात्री चुकीचा विषय वाचून बसणारी मुलं असतात, त्यामागे बरेचदा ही तीन फाइलींची गोष्ट असते.

साइटचा दर्जा मोजायचा प्रयत्न अभ्यासकांनी बराच आधी केला. ब्रिटनमधल्या स्टुअर्ट बार्न्स आणि रिचर्ड विजेन यांनी २००० च्या सुमारास ‘वेबक्वाल’ नावाची प्रश्नावली तयार केली. तिची पहिली चाचणी कुठल्या दुकानाच्या साइटवर झाली नाही, ती ब्रिटिश बिझनेस स्कूलांच्या साइटवर झाली. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी तीन अंगं धरली : वापरायला सोपी आहे का, माहितीचा दर्जा कसा आहे, आणि संस्थेशी व्यवहार करताना भरवसा वाटतो का. जगभर विद्यापीठांच्या साइट आणि विद्यार्थ्यांचं समाधान यांवर जे अभ्यास होतात, त्यांतले पुष्कळसे याच किंवा अशाच मोजपट्ट्या घेऊन होतात.

या तिन्हींत माझ्या मते माहितीचा दर्जा सगळ्यात वर. रंग, हलती चित्रं, पहिल्या पानावर फिरणारे सत्कारांचे फोटो यांनी विद्यार्थ्याचं काही होत नाही. त्याला चार गोष्टी हव्यात : परीक्षा कधी, फी किती, निकाल कुठे, आणि अडलं तर कुणाला विचारू. या चार गोष्टी मोबाइलवर, साध्या नेटवर, पटकन मिळाल्या की साइट चांगली. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कॉलेजांत मुरबाड, शहापूर, टिटवाळा, बदलापूर इथून मुलं येतात. त्यांतल्या अनेकांकडे घरी संगणक नाही, एक फोन आहे. साइट मात्र कॉलेजच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर पाहून मंजूर झालेली असते. म्हणून स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून द्यायचा धंदा जोरात चालतो. पैसे देऊन आपलाच फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागणं हा वाईट साइटचा खर्च आहे, आणि तो सगळ्यात जास्त त्या मुलांच्या खिशातून जातो ज्यांना तो सगळ्यात कमी परवडतो. त्यातच पासवर्ड आणि ओटीपी परक्याच्या हातात जातात, तो धोका वेगळा.

आता अंतराचा मुद्दा, कारण तो आपल्या भागाला खास लागू आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याचं क्षेत्र मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असं सात जिल्ह्यांत पसरलं आहे (मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे धरून). ठाण्यात आणि कल्याणला उपपरिसर झाले, तरी निकालाची गुंतागुंत, गुणपत्रिकेतली नावाची चूक अशा कामांसाठी मुलं कलिन्याच्या परीक्षा भवनाची वाट धरतात. कल्याणहून लोकलने कुर्ला, तिथून बस किंवा रिक्षा, मग रांग. ज्या प्रश्नाचं उत्तर साइटवर एका ओळीत देता आलं असतं त्यासाठी अर्धा दिवस जातो, आणि नोकरी करून शिकणाऱ्या मुलाचा एक दिवसाचा पगारही. मुंबईत राहणाऱ्या विद्यार्थ्याला साइटचा घोळ त्रासदायक वाटतो, आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तो महाग पडतो.

समाधानाचं गणित कसं बिघडतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच विद्यापीठात घडलं आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पदवी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. हा निर्णय परीक्षांच्या तोंडावर झाला. सतरा लाखांच्या घरात उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, आणि प्राध्यापकांना नवी पद्धत शिकायला हाताशी वेळच नाही. स्कॅनिंग अडलं, लॉग-इन अडले, उत्तरपत्रिका सापडेनात. विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. तेव्हाचे राज्यपाल आणि कुलपती विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. विद्यार्थी सप्टेंबरपर्यंत खोळंबले. काहींचे निकाल लागूनही राखीव राहिले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

चूक तपासणीच्या पद्धतीची होती, वेबसाइटची नव्हे, असं कुणी म्हणेल. पण विद्यार्थ्याच्या वाट्याला ती चूक वेबसाइटच्या रूपानेच आली. रोज तेच पान उघडायचं, रोज तेच दिसायचं. पदव्युत्तर प्रवेशाच्या आणि परदेशी विद्यापीठांच्या तारखा जवळ येत होत्या आणि आपला निकाल कधी हे सांगणारं कुणी नव्हतं. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं, त्यात दोन गोष्टी ठळक आहेत : किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं तर तोच वेळ लांब वाटतो, आणि का थांबायचं हे कुणी सांगितलं नाही तर आणखी लांब वाटतो. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. इंडिकेटरवर ‘१२ मिनिटं’ दिसली की माणूस पेपर उघडतो, इंडिकेटर कोरा असला की सहाव्या मिनिटालाच आवाज चढतात.

२०१७ मध्ये दर दोन दिवसांनी साइटवर एवढंच आलं असतं, की अमुक शाखेच्या इतक्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, इतक्या बाकी आहेत, अंदाजे अमुक तारीख, तरी निकाल लवकर लागला नसता. पण मुलांचं मन एवढं कडवट झालं नसतं. खरी माहिती वेळेवर सांगायला सर्व्हर मोठा लागत नाही. ती सांगायची इच्छा लागते, आणि सांगण्याचा अधिकार कुणाला तरी दिलेला असावा लागतो. बहुतेक संस्थांमध्ये वेबसाइट हे ‘आयटीवाल्यांचं’ काम समजलं जातं, खरं तर ते कुलसचिव, प्राचार्य आणि परीक्षा विभागाचं काम आहे. परिपत्रक निघालं की ते कुणी, किती तासांत, कुठे चढवायचं आणि जुनं कुणी काढायचं, हे ठरलेलं नसेल तर नवी साइट बांधूनही सहा महिन्यांत पूर्वीसारखी गत होते.

निकालाच्या किंवा नोंदणीच्या दिवशी साइट का पडते, हेही तुमच्या मुलीने नक्की विचारलं असेल. मे २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रासाठी लागू झाली. आपल्या महानगर प्रदेशाला ती २००९ पासून परिचयाची आहे. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. एरवी जी साइट दिवसाला काही हजार लोक पाहतात ती ठरल्या मिनिटाला लाखो जण एकदम उघडतात. प्रत्येक जण आपला नंबर टाकतो, प्रत्येक वेळी सर्व्हरला माहितीसाठ्यातून शोधून पान तयार करावं लागतं. उत्तर उशिरा येतं म्हणून मुलं पुन्हा-पुन्हा बटण दाबतात, आणि दर वेळी भार आणखी वाढतो. यावर उपाय आहेत. निकालाची पानं आधीच तयार करून ठेवता येतात, म्हणजे शोधाशोध वाचते. तोच निकाल अनेक ठिकाणी देता येतो. दहावी-बारावीचा निकाल आता बोर्डाच्या साइटबरोबर डिजिलॉकरवरही मिळतो. शाखांप्रमाणे वेळा वाटून देता येतात. नोंदणी ‘पहिला येईल त्याला’ अशी नसेल तर हे ठळक अक्षरांत लिहिता येतं, म्हणजे निम्मी मुलं पहिल्या तासाला झुंबड करणार नाहीत. गर्दी कोणत्या दिवशी होणार हे महिनाभर आधी माहीत असतं, म्हणून दरवर्षी ‘अचानक ताण आला’ हे कारण मला मान्य होत नाही.

एक बारकावा मात्र तुमच्या मुलीला जरूर सांगा. ती ज्याला ‘त्यांची साइट’ म्हणते ती खरं तर चार-पाच संस्थांची असते. प्रवेश परीक्षा सीईटी कक्षाची, शिष्यवृत्ती महाडीबीटीची, क्रेडिटची नोंद डिजिलॉकरशी जोडलेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, टीवायचा निकाल विद्यापीठाचा, एफवाय-एसवायचा कॉलेजचा. विद्यार्थ्याच्या मनात हे वेगळं राहत नाही. राग सगळ्यात जवळच्या नावावर, म्हणजे कॉलेजवर निघतो. उलट कल्याणचं बिर्ला, ठाण्याचं बांदोडकर अशा स्वायत्त कॉलेजांत अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल कॉलेजचेच असतात. तिथे साइट चुकली तर दोष दुसऱ्या कुणाकडे ढकलता येत नाही. स्वायत्तता घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने ही जबाबदारी पैशांसकट आणि माणसांसकट उचलायला हवी.

साइट आणि समाधान यांवरच्या अभ्यासांबद्दलही थोडं जपून बोलायला हवं. बहुतेक पाहण्यांत एकाच विद्यार्थ्याला एकाच बैठकीत दोन्ही विचारलं जातं : साइट कशी आहे, आणि तू समाधानी आहेस का? ज्याचं कॉलेजशी जमलं आहे तो दोन्हीला चांगले गुण देतो, ज्याचं बिनसलं आहे तो दोन्हीला कमी. शिवाय जी संस्था साइट नीट ठेवते ती सहसा कार्यालयही नीट ठेवते. मग समाधान साइटमुळे की शिस्तीमुळे, हे आकड्यांतून वेगळं काढणं अवघड. म्हणून ‘साइट सुधारा, समाधान वाढेल’ असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. साइट हा संस्थेच्या कारभाराचा बाहेर दिसणारा भाग आहे, आणि मुलं त्यावरून आतल्या कारभाराचा अंदाज बांधतात. तो अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो.

आणि साइटबद्दलचं समाधान मोजलं जातं का? कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं. त्यात वीस प्रश्न : अभ्यासक्रम किती शिकवला, शिक्षक तयारीने येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य आहे का, शिकवताना किती शिक्षक तंत्रज्ञान वापरतात. एकविसाव्या जागी स्वतःच्या शब्दांत सूचना लिहायच्या. प्रश्न चांगले आहेत, पण कॉलेजच्या वेबसाइटबद्दल त्यांत एकही नाही. ज्यातून विद्यार्थ्याचे सगळे व्यवहार होतात तेच विचारलं जात नाही, ही मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत सूचनांची ती रिकामी जागा मुलांनी वापरावी.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विषय दोन ओळींत संपवण्यासारखा नाही, तरी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही मुलं पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर शिकतात. फोटो काढून चढवलेलं परिपत्रक त्या सॉफ्टवेअरसाठी कोरं पान असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तरी मूळ टाइप केलेली फाइल सही करण्यासाठी छापायची आणि मग तिचा फोटो चढवायचा ही सवय सुटत नाही. मूळ फाइल चढवायला एक रुपयाही जास्त लागत नाही.

आता तक्रार. विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम काढले. प्रत्येक संस्थेला तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल ठेवणं त्यात बंधनकारक आहे. तक्रार निवारण समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपत्रक फीसकट प्रसिद्ध करावं किंवा साइटवर टाकावं, हेही त्याच नियमांत आहे. शैक्षणिक वेळापत्रकात दिलेल्या मुदतीनंतर लागलेला निकाल हे तक्रारीचं कारण म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे. ‘साइट वाईट आहे’ अशी मोघम तक्रार लिहू नये. कोणतं पान, कोणत्या तारखेला, किती वाजता उघडलं नाही, त्यामुळे कोणती मुदत हुकली किंवा कुठे जावं लागलं, हे लिहावं आणि पडद्याचा स्क्रीनशॉट जोडावा, त्यात तारीख-वेळ दिसेल असा.

एक प्रत कॉलेजच्या आयक्यूएसीच्या समन्वयकांना द्यावी. अंतर्गत गुणवत्तेची नोंद ठेवणारा हा कक्ष नॅकचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजात असतो, आणि लेखी आलेल्या सूचनेवर काय केलं हे त्याला कागदावर दाखवावं लागतं. एकटीने लिहिण्यापेक्षा वर्गातल्या दहा-बारा जणींनी आपापला अनुभव वेगवेगळा लिहून एकत्र दिला तर जास्त चांगलं. मागणीही नेमकी ठेवावी : प्रत्येक नोटिशीच्या नावातच तारीख असावी, रद्द झालेली नोटिस काढून टाकावी, आणि परीक्षा विभागाचा दुपारच्या ठरावीक वेळेत उचलला जाणारा एक फोन नंबर पहिल्या पानावर असावा. या तीन गोष्टींना नवी साइट लागत नाही, पुढच्या सत्र परीक्षेच्या आत त्या होऊ शकतात.